खत बाईच्या कष्टाचे, शेत कुणाच्या निर्णयाचे? लहान शेतीतील स्त्रिया आणि जमिनीचा कस

धाराशिव जिल्ह्यातील कोरडवाहू गावांत महिला बचत गटांसोबत काम करणाऱ्या एका तरुण कृषी पदवीधराने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांच्या प्रकल्पात गटांतील स्त्रियांना गांडूळखताचे बेड दिले गेले, माती परीक्षणाचे प्रशिक्षण झाले, शेण, गोमूत्र आणि गूळ आंबवून जीवामृत करून दाखवले गेले. दोन हंगामांनंतर निम्म्याहून अधिक बेड रिकामे पडले आहेत आणि शेतातील सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या शेण-पाल्यातून मातीत टिकणारा कार्बन, होता तेवढाच आहे. त्यांचे म्हणणे असे, की माती बाईची की पुरुषाची हे माती ओळखत नाही. मग जमिनीच्या सुपीकतेच्या कामात स्त्री-पुरुष हा विषय आणण्याला शास्त्रीय आधार काय, आणि तो आणायचाच असेल तर सुरुवात कुठून करावी?

माती माणूस ओळखत नाही, हे खरे आहे. परंतु त्या मातीवर यंदा शेणखताची गाडी रिकामी होणार की नाही, पिकात तुरीच्या ओळी ठेवल्या जाणार की नाही, बांधावर झाड लावायला मुभा मिळणार की नाही आणि सुधारलेल्या जमिनीचे पीक चार वर्षांनी कुणाच्या घरात जाणार, हे सर्व माणसे ठरवतात. आपल्याकडच्या लहान शेतीत खत तयार करण्याचे बहुतेक कष्ट बाई करते आणि ते कुठे पडावे हा निर्णय बहुधा तिच्याकडे नसतो. आपल्या प्रकल्पाने कष्टांत भर घातली आणि निर्णय होता तिथेच ठेवला. बेड रिकामे राहण्याचे मुख्य कारण माझ्या मते तेच आहे.

आधी खताचा हिशेब मांडू, कारण त्याशिवाय पुढचे काही नीट समजणार नाही. एक मोठे जनावर दिवसाला साधारण १० किलो ओले शेण देते. जनावर चरायला गेले असताना पडलेले शेण रानात राहते, काही गोवऱ्यांना जाते आणि उकिरड्यावर पडलेले कुजताना निम्म्याहून कमी होते. त्यामुळे एका जनावरामागे वर्षाला हाताशी येणारे चांगले कुजलेले खत एक टनाच्या आसपास धरावे. कोरडवाहू पिकांसाठी हेक्टरी ५ टन, म्हणजे एकरी २ टन शेणखत सांगितले जाते. म्हणजे दोन बैल आणि एक गाय असलेल्या घराचे खत दीड एकराला पुरते. बैल विकून पेरणी-मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरवर सोपवलेल्या आणि दारात एखादी म्हैस किंवा दोन-तीन शेळ्याच उरलेल्या घराचे जेमतेम अर्ध्या एकराला पुरते. वाटण्यांमुळे चार एकर जमीन तीन ठिकाणी विखुरलेली असेल, तर खत दरवर्षी एकाच तुकड्याला मिळणार हे उघड आहे. तो तुकडा कोणता, हे दर उन्हाळ्यात घरात ठरते आणि बैलगाडी किंवा ट्रॉली ज्याच्या हातात असते तोच बहुतेक वेळा ते ठरवतो.

आता कष्टांकडे पाहू. गोठा झाडणे, शेण भरणे, वैरणीची उष्टावळ आणि राख उकिरड्यावर नेऊन टाकणे हे रोजचे काम बाईचे असते. वैशाखात उकिरडा फोडला की गाडीत खत भरायला बायकाच लागतात आणि शेतात जागोजाग ढीग पडले की ते पाटीने पसरवण्याचे कामही त्यांचेच. २० किलोची पाटी धरली तर एकराच्या २ टन खतासाठी भरताना शंभर पाट्या आणि पसरताना पुन्हा शंभर पाट्या उचलाव्या लागतात. एवढे करून त्या खतातून मिळणारे नत्र सुमारे १० किलो असते. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत २० किलोहून अधिक नत्र असते आणि अनुदानित दराने ती गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. अर्ध्या गोणीचे नत्र मिळवण्यासाठी दोनशे पाट्या कशाला उचलायच्या, असा प्रश्न घरातील पुरुषाने विचारला तर नत्रापुरता त्याचा हिशेब बरोबर आहे. शेणखताचे खरे मोल कर्बात आहे, जस्तासारख्या सूक्ष्म अन्नद्रव्यांत आहे आणि मुरमाड जमिनीत पावसाच्या खंडात चार दिवस अधिक टिकणाऱ्या ओलीत आहे. हे मोल एका हंगामात दिसत नाही, त्यामुळे तोंडी हिशेबात ते येत नाही. बाईच्या कष्टांची किंमतही त्याच हिशेबात शून्य धरलेली असते. मजुरीच्या दराने ती धरली, तर शेणखत हे लहान शेतकऱ्याचे सर्वांत महागडे खत ठरते. शेणखत फुकट मिळते, असे आपण प्रशिक्षणात सांगतो, ते थांबवले पाहिजे.

गोवऱ्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण याच मुद्द्यावर कृषी खात्याची आणि स्वयंसेवी संस्थांची भाषणे वर्षानुवर्षे चुकत आली आहेत. शेण जाळल्याने त्यातील नत्र आणि कर्ब जवळजवळ पूर्णपणे हवेत जातो आणि राखेत पालाश, स्फुरद व चुना यांचे काही अंश उरतात, हे शास्त्र निर्विवाद आहे. पण "बायका शेण जाळून सोन्यासारखे खत वाया घालवतात" हे वाक्य ज्या बाईसमोर उच्चारले जाते, तिच्या बाजूने विचार करावा. तिने थापलेली गोवरी चुलीत गेली तर सरपणासाठीची पायपीट वाचते. शंभराच्या हिशेबाने विकली तर येणारे पैसे तिच्या हातात राहतात आणि त्यातून मुलाच्या वह्या किंवा दवाखान्याचा खर्च निघतो. तेच शेण उकिरड्यावर गेले तर त्याचे सोयाबीन होते आणि सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, अडत्याकडून घरातल्या पुरुषाच्या नावावर निघते. ज्या रूपात शेणाचा मोबदला तिच्यापर्यंत पोहोचतो ते रूप ती निवडते आणि त्यात अज्ञान कोठेही नाही. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस जोडण्या गावोगाव पोहोचल्या. जिथे सिलिंडर नियमित भरला जातो तिथे उकिरडा वाढलेला मी पाहिला आहे, आणि जिथे भरायला पैसे पुरत नाहीत तिथे गोवऱ्यांचे हुडवे पूर्वीसारखेच आहेत. चुलीचा प्रश्न मातीच्या प्रश्नाला असा थेट जोडलेला आहे. बायोगॅसने दोन्ही साधते हे खरे, परंतु १ घनमीटरच्या सर्वांत लहान संयंत्रालाही रोज २५ किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. एका म्हशीवर ते चालत नाही, आणि रोज पाणी आणून शेण कालवण्याचे काम पुन्हा कुणाकडे जाते हे सांगण्याची गरज नाही.

एकाच घरातील खत स्त्री आणि पुरुष यांच्या शेतांत कसे वाटले जाते, याचा सर्वांत काटेकोर अभ्यास आफ्रिकेतला आहे. बुर्किना फासोमध्ये एकाच घरात नवरा आणि बायको यांची शेते वेगवेगळी असतात. इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिथल्या गावांतून शेतनिहाय माहिती गोळा केली होती. ही संस्था आपल्याला परकी नाही. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कलमण आणि अकोल्याकडील कांझरा व किनखेडा या गावांचा अभ्यास तिने १९७५ पासून केला आहे. बुर्किना फासोच्या त्या माहितीवरून क्रिस्टोफर उड्री या अर्थशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये दाखवले, की एकाच घरात, एकाच वर्षी, तेच पीक घेतले असताना बायकांच्या शेतांतील उत्पादन पुरुषांच्या शेतांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. घरचे शेणखत जवळजवळ सगळे पुरुषांच्या शेतांत पडत होते आणि मजूरही तिकडेच अधिक राबत होते. खत आधीच भरपूर मिळालेल्या शेतात आणखी एक गाडी टाकून फारसे उत्पादन वाढत नाही, तर उपाशी शेतात तीच गाडी खूप काही करते. खत आणि मजुरी नीट वाटली असती तर त्याच साधनांत त्याच घरांचे उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी वाढले असते, असा त्यांचा अंदाज आहे. शास्त्रीय आधार कोणता, असे आपण विचारले आहे. खताचा प्रतिसाद घटत जातो हा मृदशास्त्राचा साधा नियम आणि खत वाटण्याचा अधिकार एका हाती असणे ही सामाजिक वस्तुस्थिती, या दोहोंच्या जोडीत तो आधार आहे.

हा निष्कर्ष जसाच्या तसा मराठवाड्यावर लावू नये, कारण आपल्याकडे नवरा-बायकोची शेते सहसा वेगळी नसतात. तरीही बाईचे म्हणता येईल असे तुकडे आपल्याकडेही असतात. विधवेला किंवा नांदत नसलेल्या बाईला सासर-माहेरकडून मिळालेली वरची बरड जमीन, महिला गटाने खंडाने घेतलेले पडीक रान, किंवा "तुला भाजीपाला, डाळी करायच्या तर कर" म्हणून दिलेली कडेची पट्टी हे ते तुकडे होत. बालाघाटाच्या माथ्यावरील एका गावात मी एका विधवा शेतकरी बाईचे आणि तिच्या दिराचे लागून असलेले शेत पाहिले. जमीन एकच, मधला बांधही वाटणीनंतर घातलेला. पण रब्बीत बांधाच्या एका बाजूची ज्वारी काळीभोर आणि दुसऱ्या बाजूची खालच्या पानांपासून पिवळी पडत गेलेली. नमुने वेगळे घेतले तेव्हा तिच्या बाजूचा सेंद्रिय कर्ब "कमी" वर्गात आणि दिराच्या बाजूचा "मध्यम" वर्गात निघाला. वाटणी जमिनीची झाली होती. गोठा आणि उकिरडा सामाईकच राहिला होता. बैल दिराचे, गाडी दिराची, गोठा झाडणारी ती. खत पहिल्यांदा त्याच्या शेतात जाई आणि उरले तर तिच्या. दीर वाईट माणूस नव्हता, तिच्या शेताची पेरणी तोच करून देई. उकिरड्यातही आपला वाटा असू शकतो, ही गोष्ट दोघांच्याही मनात आली नव्हती. पुढे तिने शेळ्या वाढवल्या, उन्हाळ्यात त्या घराऐवजी स्वतःच्या शेतात बसवायला सुरुवात केली आणि बांधाजवळ वेगळा खड्डा काढला. लेंडीखतात शेणखतापेक्षा नत्र अधिक असते आणि शेळ्या तिच्या स्वतःच्या असल्यामुळे त्या खतावर दुसऱ्या कुणाचा हक्क पोहोचत नव्हता.

यानंतर मुद्दा येतो काळाचा, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वजन याच मुद्द्याला दिले पाहिजे. एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण ८ ते ९ लाख किलो माती असते. तिच्यातील सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे ८०० ते ९०० किलो कर्ब त्या मातीत टिकवायचा. २ टन शेणखतात कर्ब असतो सुमारे ३०० ते ४०० किलो, आणि आपल्या उष्णतेत त्यातील बराचसा भाग वर्ष-दोन वर्षांत कुजून निघून जातो. म्हणजे दरवर्षी पूर्ण मात्रेत खत टाकूनही कार्डावरचा आकडा एवढासा हलायला अनेक वर्षे लागतात. तेव्हा दोन हंगामांनंतर कर्ब वाढला नाही याबद्दल स्त्रियांना किंवा स्वतःला दोष देऊ नये. तो वाढणारच नव्हता. यातून निघणारी पुढची गोष्ट मात्र गंभीर आहे. सेंद्रिय कर्ब ही जमिनीत अनेक वर्षांसाठी गुंतवलेली ठेव आहे आणि ती जमीन आपल्याकडे राहील अशी खात्री ज्याला असते तोच माणूस अशी ठेव ठेवतो. युरियाचा परतावा तीन महिन्यांत मिळतो, म्हणून खंडाच्या जमिनीत युरिया पडतो. गाळ, शेणखत, बांधबंदिस्ती आणि झाडे यांचा परतावा सावकाश येतो, म्हणून ती मालकीच्या जमिनीत होतात.

घानामध्ये हीच गोष्ट पडीक ठेवण्याच्या संदर्भात दिसून आली. आक्वापिम भागात मका आणि कसावा घेणारे शेतकरी जमिनीचा कस परत येण्यासाठी ती काही वर्षे पड ठेवतात. परंतु पड ठेवलेली जमीन दुसऱ्या कुणाला दिली जाण्याचा धोका असतो. मार्कस गोल्डस्टीन आणि उड्री यांनी २००८ मध्ये दाखवले, की गावच्या सत्तेत ज्यांना स्थान होते ते निर्धास्तपणे जमीन पड ठेवत आणि ज्यांना नव्हते ते भीतीपोटी लवकर पुन्हा पेरत. बायका या दुसऱ्या गटात अधिक होत्या. जमिनीला विश्रांतीची गरज आहे हे त्यांना माहीत होते. विश्रांती देण्याची ऐपत नव्हती.

आपल्याकडे ही खात्री सातबाऱ्याच्या उताऱ्याशी बांधलेली आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. ग्रामीण भागात काम करणाऱ्या स्त्रियांपैकी मात्र तीन चतुर्थांशांच्या आसपास शेतीत राबतात. कायदा मागे राहिलेला नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद, म्हणजे जन्मतः वाटेकरी, मानले आणि २००५ च्या दुरुस्तीने ते देशभर झाले. शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचे आंदोलन गावोगाव नेले आणि अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला वाटा पत्नीच्या नावे केला. राज्य शासनाने १९९२ मध्ये लक्ष्मी मुक्ती योजना आणली. पतीने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. आपल्या गटांतील किती स्त्रियांची नावे अशी लागली आहेत, हे आपण प्रकल्पाच्या पहिल्या पाहणीत विचारले होते का? नसेल तर आता विचारावे. तो प्रश्न महसूल खात्याचा वाटतो, पण वर मांडलेला कर्बाचा हिशेब पाहता तो मृदशास्त्राचाही आहे.

महिला गटांना खंडाने जमीन मिळवून देणाऱ्या कार्यक्रमांविषयी इथे एक सावधगिरी सांगते. एका गटाने दगडधोंडे वेचून, बांध घालून आणि तलावातला गाळ टाकून पडीक रान वहितीखाली आणले आणि तिसऱ्या वर्षी मालकाने ते परत मागितले, असे माझ्या माहितीत घडले आहे. करार तोंडी होता. त्या बायकांनी पुढे खंडाच्या जमिनीत शेणखताची एक पाटीही टाकली नाही आणि त्यांचे ते वागणे मला चुकीचे वाटत नाही. उलट बाजूचे उदाहरणही जवळचेच आहे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने मराठवाड्यातील दुष्काळाच्या वर्षांत बायकांना घरातूनच अर्धा ते एक एकर जमीन स्वतःच्या निर्णयाने कसण्यासाठी मागून घ्यायला मदत केली. त्या एकरात भाजीपाला, डाळी आणि भरडधान्ये आली आणि घरचे खत त्या एकराकडे वळले. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्यात नवे तंत्रज्ञान फारसे नव्हते. कोणत्या तुकड्यात काय पेरायचे आणि खत कुठे टाकायचे हे ठरवण्याची मुभा मात्र नवी होती.

पिकांच्या निवडीतही सुपीकतेचा मोठा भाग दडलेला आहे. पूर्वी तिफणीमागे मोघा, म्हणजे बी सोडायची नळी, धरून चालणारी बाई मुख्य पिकाच्या ओळींत तूर, मूग, उडीद, मटकी, चवळी, अंबाडी, तीळ असे इर्वड मोघत असे. घरच्या वर्षभराच्या डाळीसाठी ती हे करी, पण त्यातील कडधान्यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरून ठेवत आणि तुरीची पानगळ मातीला कर्ब देई. सोयाबीन आले, ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र आले आणि मोघ्यामागची बाई शेतातून गेली. तिच्यासोबत तिचे बियाण्याचे गाडगेही गेले. त्यानंतर तणनाशक आले. खुरपणीचे कंबर मोडणारे काम वाचले, याचा आनंद बायकांना मनापासून झाला आणि तो व्हायलाच हवा. परंतु एका पिकासाठीचे तणनाशक शेजारच्या ओळीतले दुसरे पीक जगू देईलच असे नाही, त्यामुळे मिश्रपीक परत आणण्याची वाटही त्याने अरुंद केली. सोयाबीन स्वतः कडधान्यासारखेच नत्र धरते, मग बिघडले काय, असा प्रश्न येईल. सोयाबीनमधील बहुतेक नत्र दाण्याबरोबर बाजारात जाते आणि मळणीनंतर उरलेले गुळी-भुस्कट बांधाशी पेटवून देण्याची रीत अनेक गावांत पडली आहे.

बीड आणि धाराशिवच्या ऊसतोड कुटुंबांची स्थिती आणखी वेगळी आहे. दिवाळीच्या सुमारास बैलगाडीसह कारखान्यावर गेलेले कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. ते पाच-सहा महिने बैलांचे शेण परक्या जिल्ह्यातील अड्ड्यावर पडते आणि गावचा उकिरडा रिकामा राहतो. अशा गावांत खड्डा भरण्याचे उद्दिष्ट डिसेंबरमध्ये ठेवणे निरर्थक आहे.

माती परीक्षणाबद्दलही एक गोष्ट आपल्या लक्षात आणून द्यायची आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहू भागात १० हेक्टरला एक असा नमुना घेण्याची पद्धत ठरवली गेली. १० हेक्टर म्हणजे २५ एकर. एवढ्या क्षेत्रात दहा-बारा खातेदार असतात, त्यात नदीकाठची काळी जमीन असते आणि वरची मुरमाडही असते. त्या चौकटीचा एकच आकडा सगळ्यांच्या पत्रिकेवर छापला जातो आणि बाईचा बरड तुकडा त्या सरासरीत दिसेनासा होतो. पत्रिका सातबाऱ्यावरील नावाने निघते, त्यामुळे ती बहुधा तिच्या हातातही येत नाही. तेव्हा सरकारी पत्रिकेवरून आपल्या गटांतील शेतांचे मोजमाप करू नये. जो तुकडा स्त्रिया प्रत्यक्ष कसतात, त्याचा नमुना वेगळा घ्यावा. ८ ते १० ठिकाणी १५ ते २० सेंटिमीटर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडावी, एकत्र करून चार भाग करावेत आणि समोरासमोरचे दोन भाग टाकत टाकत अर्धा किलो उरवावी. बांधालगतची, झाडाखालची आणि खताचा ढीग पडलेल्या जागेची माती घेऊ नये. लोह आणि जस्त तपासायचे असतील तर खरवडण्यासाठी लोखंडी खुरपे न वापरता लाकडाची चिपाटी घ्यावी. हे काम बायका उत्तम करतात, कारण कोणत्या जागी ढीग पडला होता हे त्यांनाच आठवते.

इथे एक मत स्पष्टपणे मांडते. बाई मुळातच निसर्गाची राखणदार असते, तिला रासायनिक खत नको असते, तिच्या हाती शेती दिली की माती आपोआप सुधारते, असे कौतुक सध्या अनेक व्यासपीठांवरून होते. मला ते मान्य नाही. पाणी आणि पैसा हाताशी असला तर बायकाही युरिया आणि डीएपी टाकतात, आणि अनेक ठिकाणी टाकलाच पाहिजे. स्फुरद नसलेल्या जमिनीत नुसत्या शेणखतावर कडधान्याच्या गाठीही नीट धरत नाहीत. साधने समान मिळाली तर स्त्री आणि पुरुष यांच्या उत्पादकतेतील फरक बहुतांशी नाहीसा होतो, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. कौतुकाची ही भाषा कष्ट झाकते आणि मातीची जबाबदारी आधीच वाकलेल्या खांद्यांवर टाकते. गांडूळखताचा बेड हे त्याचेच उदाहरण आहे. त्याला सावली, रोज दोन-चार घागरी पाणी आणि सतत शेण लागते. पारा चाळीशीपलीकडे जातो त्या चैत्र-वैशाखात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारी बाई गांडुळांना पाणी देत नाही, आणि देऊ नये.

आता सुरुवात कुठून करावी ते सांगते. गटातील प्रत्येक घरासाठी एका कागदावर जमिनीचे सगळे तुकडे काढावेत आणि प्रत्येक तुकड्यात नाव कुणाचे, पीक कोण ठरवतो, गेल्या तीन उन्हाळ्यांत खत कुठे पडले आणि घरापासून अंतर किती, एवढेच लिहावे. ही बैठक बाईसोबत वेगळी आणि नंतर नवरा-बायकोसोबत एकत्र घ्यावी. एकट्या बायकांना बोलावून खताविषयी शिकवण्यात अर्थ नाही, कारण गाडी पुरुषाकडे आहे. नकाशा समोर ठेवला की "वरच्या तुकड्यात कधीच खत गेले नाही" हे वाक्य बहुधा पुरुषच म्हणतो, आणि त्या क्षणी पुढच्या उन्हाळ्यातील दोन गाड्या त्या तुकड्यासाठी मागून घ्याव्यात.

दुसरे, डोक्यावरचे वजन कमी करावे. घराशेजारचा उकिरडा शेतात न्यायचा असेल तर ट्रॉलीचे भाडे प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरावे. बेडवर होणाऱ्या खर्चापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल. त्याहून चांगले म्हणजे खत शेतातच तयार करणे. बांधावर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) रोपे किंवा फाटे लावले तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून पावसाळ्यात कोवळा पाला छाटून ओळींत टाकता येतो. त्यात नत्र भरपूर असते आणि शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. हे काम विळ्याने उभ्या-उभ्या होते, पाटी उचलावी लागत नाही. मात्र बांध सामाईक असेल किंवा जमीन खंडाची असेल तर आधी लेखी संमती घ्यावी, कारण झाड लावणे म्हणजे हक्क सांगणे असे गावात मानले जाते आणि भांडण बाईच्या अंगावर येते.

तिसरे, मुदत. गटाने खंडाने घेतलेल्या जमिनीचा करार किमान पाच वर्षांचा आणि लेखी असावा. तेवढा मिळत नसेल तर त्या जमिनीत गाळ किंवा शेणखत टाकायला सांगू नये. मूग, चवळी यांसारखी त्याच हंगामात परतावा देणारी कडधान्ये घ्यावीत. घरच्या जमिनीसाठी लक्ष्मी मुक्तीचे अर्ज आणि राहिलेल्या वारस नोंदी हे प्रकल्पाचेच काम मानावे आणि तलाठ्याकडे जाताना कुणीतरी सोबत जावे.

शेवटी मोजमाप. किती बेड दिले आणि किती प्रशिक्षणे झाली, हे मोजणे सोडून द्यावे. दर उन्हाळ्यात बाईच्या निर्णयातील तुकड्यात किती गाड्या पडल्या, किती गुळी न जाळता जमिनीत गेली, किती ओळी कडधान्याच्या होत्या आणि पट्टीचे पैसे कुणाच्या खात्यावर आले, हे लिहून ठेवावे. सेंद्रिय कर्बाचा दुसरा नमुना तिसऱ्या वर्षाच्या आधी घेऊ नये; घ्याल तेव्हा त्याच महिन्यात, पीक निघाल्यावर आणि खत टाकण्यापूर्वी, त्याच जागांवरून आणि त्याच प्रयोगशाळेत द्यावा, नाहीतर दोन आकड्यांतला फरक मातीचा की पद्धतीचा हे कळणार नाही.